जनू मळीकचा पॉइंट चार सेकंद

हरमलला माझ्या खोल्यांच्या ऑफिसात, किल्ल्यांच्या फळीच्या वर, एक छापील कागद चिकटवलेला आहे. त्यावर नावंच नावं आहेत, बारीक अक्षरात, देशोदेशीची. आकाशातल्या एका दगडाची सावली जमिनीवरून गेली तेव्हा जी माणसं दुर्बिणी लावून बसली होती, त्यांची ती यादी. खोली घ्यायला येणारे गोरे ती वाचतात आणि विचारतात, यात तुमचं नाव कुठलं? मी सांगतो, माझं नाही. ज्याचं असायला हवं होतं त्याचंही नाही. जनार्दन मळीक, पार्से, गोवा. नाही म्हणूनच मी ती चिकटवली आहे.

जनूची आणि माझी ओळख भांडणातून झाली. तेव्हा सुर्ल्याच्या खाणींवरून माल भरून ट्रक जात, आणि त्यातले दोन माझे होते. क्लीनर म्हणून सुरुवात केली, मग ड्रायव्हर, मग मालक. कोणी काही हातात दिलं नाही, जे मिळालं ते घासाघीस करून मिळालं. समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा मी आयुष्यात कधी मान्य केलेला नाही. आणि जनू वजनकाट्यावर कारकून होता.

त्याची पद्धत अशी की भरलेला ट्रक काट्यावर चढला की ड्रायव्हर-क्लीनर दोघांनी खाली उतरायचं. पावसाळा असेल तर ताडपत्रीवरचं पाणी आधी ओतून टाकायचं. एवढ्याने भागायचं नाही. तो खिडकीतून बाहेर यायचा, टायरांना चिकटलेला चिखल बघायचा आणि लोखंडी पट्टी हातात द्यायचा. खरवडा म्हणायचा. मागे ट्रकांची रांग, हॉर्न वाजताहेत, आणि हा शांत. एकदा मी स्वतः चालवत होतो. चिखल काढल्यावर वजन कमी भरलं, म्हणजे भाडंही कमी. मी चिठ्ठी चुरगळली आणि खिडकीतून त्याच्या तोंडावर फेकली.

त्याने ती उचलली, मेजावर ठेवून तळव्याने सपाट केली आणि परत माझ्या हातात दिली.

"बाबुसो, तू कितीय बोंब मार," तो म्हणाला, "काट्याक कान नाय."

मागचे ड्रायव्हर हसले. मी त्या दिवशी त्याला जे जे बोललो ते छापण्यासारखं नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. माझ्या पुढचा ट्रक खाण-मॅनेजरच्या भावाचा होता, आणि त्यालाही याने खरवडायला लावलं होतं.

पुढे खाणी बंद पडल्या. मी ट्रक विकले आणि हरमलला जुन्या घरामागे खोल्या बांधल्या. जनू पार्शाला घरी आला. थोडे काजू, थोडे माड, आणि इलेक्ट्रिकची बारीकसारीक कामं. त्याची बायको सुमनवयनी गावच्या अंगणवाडीत होती, घर तिच्यावर चालायचं, आणि ती हे लपवत नसे. "आमच्याकडे दोन अंगणवाड्यो," ती म्हणायची, "एक सरकारी आणि एक घरची."

दुर्बीण त्याच्याकडे आली ती माझ्यामुळे. माझ्याकडे एक म्हातारा जर्मन दर हिवाळ्यात चार महिने राहायचा. गच्चीवर दुर्बीण लावून बसायचा, आणि खोल्यांचं वायरिंग बघायला आलेला जनू त्याच्या शेजारी बसायला लागला. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. तरी तासन्‌तास बसायचे. जर्मनाला तब्येतीमुळे पुढच्या वर्षी येणं जमेना, त्याने कळवलं, सामान तुम्हीच ठेवा. जनू मागायला आला. मी म्हटलं फुकट कशी देऊ? दोन तास ताणलं. शेवटी नव्या चार खोल्यांचं वायरिंग करून देशील तर घेऊन जा, असं ठरलं. जर्मनाने ती मनातून जनूसाठीच ठेवली होती, हे मला ठाऊक होतं. मी काही देवमाणूस नाही.

त्यानंतर जनूचं ताऱ्यांचं काम सुरू झालं, आणि ते काय आहे हे समजायला मला वर्ष लागलं. लोकांना वाटायचं तो ग्रह-तारे दाखवतो. मीही त्याला म्हटलं होतं, संध्याकाळी गच्चीवर ये, पाहुण्यांना चंद्र दाखव, जेवण माझ्याकडे. तो म्हणाला, "माका जत्रेत बसवतंस?"

काम असं होतं. सूर्याभोवती लहानमोठे दगड फिरतात. त्यातला एखादा आपल्या आणि एखाद्या ताऱ्याच्या मध्ये आला की तो तारा काही क्षण विझतो. म्हणजे त्या दगडाची सावली पृथ्वीवरून एका पट्ट्यातून पळत जाते. पट्ट्यात बसलेल्या प्रत्येकाने तारा कधी गेला आणि कधी आला हे मोजायचं. सगळ्यांची मोजमापं शेजारी शेजारी मांडली की दगडाचा आकार उमटतो. पूर्वी हे जमायचं नाही, कारण तारे नेमके कुठे आहेत हेच धड माहीत नव्हतं. मग युरोपातल्या शास्त्रज्ञांनी एक यान वर सोडलं. त्याचं काम एकच, ताऱ्यांचा नकाशा करणं. तोच तारा पुन्हा, पुन्हा, पुन्हा मोजायचा, वर्षानुवर्षं. त्या नकाशामुळे आता सावली कुठे पडणार हे गावाच्या हिशोबात सांगता येतं. हरमलात दिसेल, म्हापशात दिसणार नाही, इतकं. आणि त्या यानाची मोठमोठी माणसं, विद्यापीठांतली, आणि जगभरचे जनूसारखे गच्चीवाले, यांची एक बिरादरी झाली होती. ईमेलवर एकमेकांना सगळं कळवायचे. जनूचं इंग्रजी दहावीचं, पण त्या लोकांना वाक्यं नको होती, आकडे हवे होते. तिथे तो राजा होता.

मला सगळ्यात विचित्र वाटायचं ते पट्ट्याबाहेर बसणं. सावली आपल्याकडे येणार नाही हे आधीच माहीत असताना हा मच्छरांत दोन तास बसायचा आणि शेवटी कळवायचा, तारा विझला नाही.

"मग बसलास कित्या?" मी विचारलं.

"सावली खंय संपता ह्या कोणी सांगूचा? संपता थंय कोणीतरी बसाक व्हया."

हरमलच्या तिठ्यावर चहाच्या गाड्यावर पोरं त्याला छेडायची. "जनूभाऊ, काल कोण तारो चोरीक गेलो काय?" तो सायकलवरून उतरून गंभीरपणे सांगायचा, काल नाही, परवा एक गेला होता, एक पॉइंट नऊ सेकंदांनी परत आला. पोरांची तोंडं बघण्यासारखी व्हायची. 'सुमारे' हा शब्द त्याच्याकडे नव्हताच. वयनी म्हणायची, भातात पाणी किती घालू विचारलं तर हा बोटाचं कितवं पेर ते सांगतो, आणि बोट कुणाचं तेही.

आणि उजेडाशी त्याचं हाडवैर. टॉर्चला लाल कापड बांधून फिरायचा. एकदा माझ्या सगळ्या खोल्या भरलेल्या, सीझन जोरात, आणि ऐन आठ वाजता सगळीकडे काळोख. पाहुणे ओरडताहेत, एक बाई न्हाणीघरात अडकलेली. मी फ्यूज बघायला धावलो तर मेन स्विच खाली ओढलेला, आणि शेजारी जनू उभा.

"तीन मिनटां," तो म्हणाला.

"तुझ्या बापाचं आहे काय हे?"

"घर तुझा. वायरिंग माझा."

मी त्याला मारायला हात उचलला होता, खरंच सांगतो. तीन मिनिटांनी त्याने स्वतः स्विच वर केला आणि न्हाणीघरातल्या बाईची माफी मागायला गेला. ती रशियन होती. तिला काय समजलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागली.

त्याला पहिल्यांदा तारा विझलेला सापडला तेव्हा त्याने मला मिठी मारली होती. असला माणूस नव्हता तो. उपग्रहांवरून वेळ घेणारं एक यंत्र त्याच्याकडे होतं, त्याचे आकडे कॅमेऱ्याच्या चित्राखाली पळायचे. सगळं कळवून झालं, अभिनंदनं आली. आठ दिवसांनी तो माझ्याकडे आला तो तोंड पाडून. यंत्र चालू केल्यावर त्याने पुरेसा वेळ थांबायला हवं होतं. उपग्रहांकडून सगळी माहिती उतरून येईपर्यंत त्या घड्याळात काही सेकंदांचा फरक राहतो. ही चूक फक्त हे लोकच करू शकतात. तारा बरोबर, कॅमेरा बरोबर, पण घड्याळ अजून जागं झालेलं नाही. त्याने स्वतःच ईमेल लिहून आपली नोंद रद्द करायला सांगितली होती.

"कोणाला कळलं होतं?" मी विचारलं.

"माका कळला ना!" तो जवळजवळ ओरडला.

हे मी एवढ्यासाठी सांगतो, की पुढे जे झालं ते वाचताना हे लक्षात असावं. स्वतःची चूक असेल तर ती सांगायला हा माणूस दुसऱ्याची वाट बघत नव्हता.

त्या दिवशी सावलीचा पट्टा काणकोणच्याही पलीकडून जाणार होता. हरमल कितीतरी दूर. तरी जनू माझ्या गच्चीवर बसला. तिन्हीसांज सरली होती, खालून मासे तळल्याचा वास येत होता. मी त्याच्या मागे उभा राहून फोनवर एका वाळूवाल्याशी भाव करत होतो. स्क्रीनवर तीन ठिपके होते. मधला आमचा. आणि तो मधला ठिपका गेला. डोळ्याची पापणी लवावी तेवढाच. पण गेला. मी फोनवर बोलता बोलता थांबलो.

"जनू, गेला रे तो!"

लाल टॉर्च लावून त्याने एकेक चित्र पुढे नेत मोजलं. दहा चित्रांत तारा नव्हता. पॉइंट चार सेकंद. यंत्र या वेळी पाऊण तास आधीच चालू केलेलं होतं. त्याने पेन्सिलने लिहिलं, पुन्हा मोजलं, पुन्हा लिहिलं.

मग मला समजावलं. मोठ्या दगडाभोवती कधीकधी एखादा लहान दगड फिरत असतो, चंद्रासारखा. त्याची सावली वेगळी पडते. तसं असू शकेल. "पण मी तसा लिवूचंय नाय," तो म्हणाला. "दिसला तितक्याच लिवूचा." त्याने कळवलं ते एवढंच, की तारा पॉइंट चार सेकंद नव्हता, कारण माहीत नाही.

आपल्याकडची सगळी मोजमापं एकत्र करून पुढे पाठवणारे एक संयोजक साहेब होते. एका शहरातल्या संस्थेत. नाव घेत नाही, घेतलं तर माझं डोकं फिरतं. त्यांचं उत्तर आलं, गच्चीजवळ माड असतील, झावळ आडवी आली असेल, आपण 'तारा विझला नाही' अशी नोंद करून पाठवा.

जनू भांडला नाही. पुढचे तीस दिवस त्याने रोज संध्याकाळी झावळ, वटवाघूळ आणि गच्चीवर वाळत घातलेली चादर यांच्या आडून ताऱ्यांचं चित्रण केलं. जवळची वस्तू आडवी आली की ती अख्ख्या दुर्बिणीवर येते, तिन्ही ठिपके एकदम मंद होतात. एकटा मधला जात नाही. हे सगळं त्याने पाठवलं. चादर धरायला मी होतो.

साहेबांचं उत्तर आलं, छान प्रयत्न. पण अशी वेगळी सावली दोन जागांहून दिसल्याशिवाय धरायची नाही असा नियम आहे. सबब नोंद 'विझला नाही' अशी करावी, म्हणजे निरीक्षकांच्या यादीत नाव राहील. अन्यथा ही जागाच वगळावी लागेल.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण जनू म्हणाला, "नियम बरो आसा तेंचो. मी तेंच्या जाग्यार असतंय तर मीय हेच सांगलंय असतंय. माझ्यार इस्वास ठेवू नका म्हणा, चलता. पण दिसला नाय असा मी कसा लिवू?"

"लिही रे," मी म्हटलं. "एक शब्द. नाव तर येईल. नंतर बघू."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प झालो.

गप्प झालो, पण मी मी आहे. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ईमेलखालचा नंबर बघून मी त्यांना फोन लावला. आधी नीट बोललो, मग आवाज चढला. शेवटी माझ्या सवयीने म्हणालो, "बरं साहेब, ना तुमचं ना आमचं. चार नको, पॉइंट दोन धरा!"

पलीकडे साहेब हसले. हसले ते हसले, आणि बहुतेक चार जणांना सांगितलंही, कारण आठवड्याभरात जनूला ते कळलं. तो माझ्या ऑफिसात आला, बसला नाही.

"तू माझ्या आकड्याचो भाव केलंस?"

"तुझ्यासाठीच..."

"पॉइंट दोन खंयसून इलो? खंय दिसलो तुका?"

महिनाभर तो माझ्याकडे फिरकला नाही. मी त्याच्या दारात गेलो तर वयनी बालकांवावर, दारापुढच्या ओट्यावर, बसून नारळ सोलत होती. म्हणाली, "भावजी, घोवाक माज्या दोनच गोष्टींचो राग येता. खोटा बोलल्याचो, आणि अर्धा खरा बोलल्याचो. तुमचो दुसरो." चहा मात्र दिला.

निबंध छापून आला, यादी आली, पार्शाचं नाव नव्हतं. जनूने ती वाचली आणि म्हणाला, आकार सुंदर उमटलाय, बटाट्यासारखा. नाव नसल्याचं मला जेवढं वाईट वाटलं नाही तेवढं त्या बटाट्याच्या कौतुकाचं वाटलं.

मधल्या काळात ते यान बंद केलं गेलं. इंधन संपलं. मी त्याला डिवचलं, "तुझं यान मेलं म्हणतात." तो म्हणाला, "यान बंद पडला. मोजलेला खंय बंद पडता?" त्या मोजमापांचा हिशोब लावायला तिथल्या माणसांना अजून वर्षं लागणार होती. त्या दगडाला खरंच जोडीदार असेल तर तो दगड जाता जाता किंचित डुलत असेल, आणि ते डुलणं यानाने टिपलेलंही असेल. असेल, किंवा नसेल. जनू ही गोष्ट एकदाच बोलला. तिच्यावर टेकून तो कधी बसला नाही.

आणि मग तोच दगड परत आला. या वेळी सावलीचा पट्टा थेट आमच्यावरून जाणार होता. हरमल, पार्से, सगळं आत. साहेबांची माणसं कॅमेरे घेऊन उतरली, माझ्याच तीन खोल्या घेतल्या. मी भाव एका पैशाने कमी केला नाही. जनूला म्हटलं, आता गच्चीवर बस. दोन सेकंद पक्के मिळतील. नाव यादीत येईल, कोणाच्या बापाला काढता येणार नाही.

त्याची छाती तेव्हा बिघडलेली होती. जिना चढताना तीनदा थांबायचा. तो म्हणाला, "हंय धा जण आसत. मी सुर्ल्याक जातंय."

सुर्ला पट्ट्याच्या बाहेर होतं. त्याने कागदावर रेघा मारून काढलं होतं की लहान दगड असलाच तर त्याची सावली त्या बाजूला पडण्याचा संभव आहे. नक्की नाही. तो कुठल्या बाजूला असेल हे एका पॉइंट चारवरून कोण सांगणार? पक्के दोन सेकंद सोडून हा माणूस स्वतःलाच खोटं पाडण्याची जागा शोधून तिथे जाऊन बसणार होता. मी अर्धा तास वाद घातला. मग जीप काढली. जीपमध्ये तो बसला नाही. स्कूटरच्या मागच्या सीटवर गादी बांधून दुर्बीण न्यायची त्याची पद्धत होती, धक्के कमी बसतात म्हणायचा. मी मागून जीप हळू चालवत गेलो.

सुर्ल्यात त्याच्या मेहुण्याच्या खळ्यात आम्ही बसलो. घरातले दिवे मालवून घेतले. यंत्र तासभर आधी लावलेलं. ठरलेली वेळ आली. मी स्क्रीनकडे बघत होतो. मनात नवस बोलत होतो, खोटं कशाला सांगू. वेळ गेली. अजून पाच मिनिटं गेली. दहा गेली. तारा होता तिथेच होता, एकदाही लवला नाही.

जनूने सगळं चित्रण पहिल्यापासून पुन्हा बघितलं. मग पेन्सिलने लिहिलं. मी दुसरीकडे तोंड करून बसलो.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब. हरमलला त्यांच्या माणसांना दोन सेकंद स्वच्छ मिळाले होते, आवाज खुशीत होता. जनूने स्पीकर लावला, कारण त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं.

"मळीक, तुमच्याकडे काय?"

"विझलो नाय साहेब."

"वाटलंच होतं. आणि प्रामाणिकपणे सांगितलंत, बरं वाटलं. मग आता ती जुनी नोंद मागे घेऊया ना? दोन्ही एकदम नीट करून टाकू. या वेळी नाव घालतो तुमचं."

मी फोन हिसकावायला हात पुढे केला. जनूने तो बाजूला सारला. त्याला धाप लागली होती, शब्द एकेक करून येत होते.

"आज हंय दिसला नाय. त्या दिवसा थंय दिसला. ह्या लिवा. त्याय लिवा."

"मळीक, असं नाही चालत..."

"मग दोनय लिवू नका," जनू म्हणाला, आणि फोन बंद करून खिशात ठेवला.

पुढे दीड महिन्याने तो गेला. पण मला तो दिसतो तो त्या खळ्यातला. त्याने दुर्बीण गादीवर निजवली, दोरीची गाठ दातांनी ओढून घट्ट केली. मी म्हटलं, जनूभाऊ, आता तरी जीपमध्ये बस. त्याने मान हलवली, स्कूटरला किक मारली, आणि एक हात मागे टाकून दुर्बीण धरून तो डिचोलीच्या उतारावरून हळूहळू, अगदी हळूहळू जात राहिला. मागे गाड्यांची रांग लागली होती. हॉर्न वाजत होते. तो बाजूला झाला नाही.